शवासनातली पस्तीस मिनिटं

बुधवार, १३ नोव्हेंबर २०२४

‘आय अ‍ॅम नॉट कमिंग, आई!’ — झालं, तेजूचा निकाल लागला. शुक्रवारी खैरानला समुद्रावर क्लास आहे, क्लासमधल्या श्वेताच्या नवऱ्याच्या ओळखीने शॅले, म्हणजे काठावरचं सुट्टीचं घर, मिळालंय, हवा इतकी छान पडलीय, अजून काय हवं? पण पोरीला दहावीचा अभ्यास आहे आणि आई बायकांना वाळूत लोळवणार याची लाजही आहे. मी म्हटलं, राहा घरी, बापाबरोबर वरणभात खा.

सकाळच्या बॅचला आज नऊ जणी. सोफा भिंतीला, टीपॉय बाल्कनीत — की आमचा हॉल म्हणजे योगवर्ग! हफिजाभाभी नेहमीप्रमाणे सगळ्यात शेवटी आल्या आणि शवासनात सगळ्यात आधी घोरायला लागल्या. पहाटे तीनला उठून चाळीस जणांचे डबे करते ती बाई. बाकीच्या फिस्सकन हसल्या. मी डोळे वटारले. माझा नियम आहे — शवासनातून कुणालाही उठवायचं नाही, ज्याने त्याने आपल्या वेळेने परत यायचं. कोर्स करताना आमच्या बाईंनी हे घोटून घेतलं होतं. भाभी वीस मिनिटांनी उठल्या आणि डोळे चोळत म्हणाल्या, ‘काय गो टीचर, मना तुझ्याकडेच काय ती झोप लागते.’ इतकं बरं वाटलं मला! दिवसभर तेच आठवत होते.

संध्याकाळी नवऱ्याचं, गुरूचं, नेहमीचं पालुपद. फॅमिली व्हिसावर आहेस, फी घेऊन क्लास चालवतेस, ग्रूपवर फोटो टाकू नका, कुणी तक्रार केली तर तिघांची परतीची तिकिटं निघतील. हो रे बाबा. या देशात आल्यापासून, अकरा वर्षं ऐकतेय.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

मॅट्स, मोठी चटई, पोह्यांचं सामान, दोन थर्मास. भाभींचा फोन — ‘खिम्याचे पॅटिस मी आणते, तुम्हां गवतखाऊंना बटाट्याचे वेगळे!’

शनिवार, १६ नोव्हेंबर

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते, जसं झालं तसं.

साडेसातला शवासन. वारा नव्हता. दहा मिनिटांनी सगळ्या उठल्या. भाभी नाही उठल्या. श्वेता त्यांना हलवायला निघाली होती — मी ओठांवर बोट ठेवलं. मीच! ‘झोपू दे त्यांना, आज डब्यांना सुट्टी आहे.’ दहा पावलांवर चटई टाकून आम्ही पोहे खाल्ले. चहा झाला. कुणाच्या तरी सासूच्या गोष्टी झाल्या. श्वेताने फोटो काढला, पुढे आम्ही आठ-नऊ जणी दात काढून, मागे मॅटवर भाभी. त्यांच्या तोंडावर ऊन आलं तेव्हा मी जाऊन ओढणी पांघरली. नीट पाहिलंसुद्धा नाही मी त्यांच्याकडे. ओढणी टाकली आणि परत येऊन दुसरा चहा घेतला.

सव्वाआठला त्यांचा कप घेऊन गेले. ओढणी काढली. तोंड एका बाजूला ओढलेलं. लाळ वाळूपर्यंत. उजवा हात उचलला तर तो धप्पकन खाली पडला.

अँब्युलन्स पटकन आली. त्यांनी उशीर नाही केला.

रविवार, १७ नोव्हेंबर

लकवा. मेंदूत रक्ताची गाठ अडकली. जीव वाचलाय. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. येईल, नाही येईल — डॉक्टर सांगत नाहीत.

मी खोटं बोलले. ते लिहायचं राहिलं काल, राहिलं कसलं, टाळलं. डॉक्टरांनी विचारलं, ही शेवटची धडधाकट कधी होती? त्यांच्यामागे भाभींचे यजमान यूसुफभाई उभे होते, दुकानाच्या कपड्यांतच धावत आलेले, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. मी म्हटलं, आठ-दहाला. योग संपला आणि लगेच आमच्या लक्षात आलं. बाकीच्या बायका मागे होत्या. एकीनेही तोंड उघडलं नाही. माझ्यासाठीच गप्प बसल्या.

डॉक्टर म्हणाले, औषध वेळेत गेलं, पण अशा आजारात अर्धा तास आधी आणि अर्धा तास नंतर यात फार फरक पडतो.

पस्तीस मिनिटं होती ती. सात-चाळीस ते सव्वाआठ. मी मोजलीत.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

श्वेताने तो फोटो ग्रूपवरून काढून टाकला. मला वेगळा मेसेज — ‘ताई, तूही डिलीट कर.’ आधी मोठा करून पाहिला. वेळ ७.५२. मागे भाभींचं तोंड तेव्हाच वाकडं झालेलं दिसतंय. मग डिलीट केला.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

यूसुफभाई घरी आले. हातात अख्खी सुरमई, साफ करून, बर्फात. मी दार उघडलं आणि वाटलं, कळलं यांना. तर माणूस दारातच रडायला लागला. ‘ताई, तुमी होतात म्हणून ती हाय. घरी एकटी असती तर मना कधी कळलं असतं? तुमचे उपकार मी फेडू शकत नाय.’ गुरूने त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. बकाल्यात, त्यांच्या किराणा दुकानात, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगतात म्हणे — योगाच्या टीचरनी माझी बायको वाचवली.

 सुरमई गुरूने तळली. तेजूने दोन तुकडे खाल्ले. मी शाकाहारी आहे, नाही तर मलाही खावी लागली असती.

बुधवार, २७ नोव्हेंबर

क्लास पुन्हा सुरू केला. पाच जणी आल्या. सूर्यनमस्कार ठीक, वीरभद्रासन ठीक. मग शेवटी त्या आपणहून आडव्या झाल्या, डोळे मिटले. पाच बायका माझ्या हॉलमध्ये उताण्या पडल्यात आणि मी एकेकीच्या छातीकडे बघतेय, वरखाली होतेय ना. एका मिनिटात टाळ्या वाजवून सगळ्यांना उठवलं. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

मीही आता उताणी झोपू शकत नाही. कुशीवर, भिंतीकडे तोंड करून.

शुक्रवार, ६ डिसेंबर

भाभींना घरी आणलं. दोन खोल्यांचं घर, डब्यांच्या उभ्या चळती अजून स्वयंपाकघरात तशाच रचलेल्या. लेक युसरा कॉलेज सांभाळून सगळं बघतेय, जेमतेम वीस वर्षांची. भाभींना पलंगावर टेकवून बसवलं होतं. मला बघून त्यांनी काहीतरी आवाज केला. ‘हां... हां...’ तेवढंच येतं, आणि ‘नाय’. यूसुफभाई म्हणाले, ‘बघा, वळखलं तुमाला! ताई, फिजिओवाला येतो, पण तुमच्या हाताला गुण हाय. तुमी याल काय?’

काय म्हणणार? येते म्हटलं. रविवार, मंगळवार, गुरुवार. फी घेणार नाही म्हटल्यावर ते पुन्हा रडले. ह्या माणसाने मला चार लाथा घातल्या तरी चालतील, पण हे रडणं नको.

गुरुवार, १२ डिसेंबर

तीनदा जाऊन आले भाभींकडे. खांदा फिरवायचा, कोपर, मनगट, एकेक बोट उघडायचं. बोट उघडलं की ते परत मिटतं. त्या माझ्याकडे बघत असतात. एकटक. मी हाताकडे बघते. एक दोन तीन चार मोजत राहते, म्हणजे काही बोलायला नको.

संध्याकाळी गुरू बळेच समुद्रावर फिरायला घेऊन गेला. लोक कुटुंबं घेऊन बसलेले, मुलं सायकली चालवतायत, मांस भाजल्याचा वास. पूर्वी मला हे किती आवडायचं. मी म्हटलं, यूसुफभाईंना खरं सांगणार आहे. गुरू चालता चालता थांबला. ‘सांगून काय होणार? तिचा हात उठणार आहे? ते चिडले, कुठे बोलले, पोलिसांत गेले तर? जानेवारीत राहण्याचा परवाना, अकामा, रिन्यूला जाणार. मार्चमध्ये पोरीची बोर्डाची परीक्षा. तिला मधूनच उचलून नाशिकला कुठल्या शाळेत बसवणार तू?’ मी म्हटलं, म्हणजे तेजूच्या मार्कांसाठी मी जन्मभर सुरमया घ्यायच्या? तो म्हणाला, ‘तुला मन हलकं करायचंय. आणि ओझं आम्ही उचलायचं.’

वाईट याचं वाटतं की त्याचं सगळं चूक नाही. 

सोमवार, १६ डिसेंबर

नवी चौकशी आली — ‘शांत झोप लागत नाही, तुमच्याकडे येऊ का?’ नको म्हणून कळवलं.

रविवार, २२ डिसेंबर

तेजूला सगळं ठाऊक आहे. भिंती पातळ आहेत, आणि आमचे आवाज काही पातळ नाहीत. आज भाजी निवडताना शेजारी येऊन बसली, आपणहून! मेथीची चार पानं खुडली आणि विचारलं, ‘आई, डिड शी फील इट? मीन्स... ते होत असताना?’

मी म्हटलं, नाही गं. झोपेतच झालं. त्यांना काहीही कळलं नाही.

‘दॅट्स गुड,’ म्हणाली. मग थोड्या वेळाने, मराठीत — ‘तू जेवत जा ना.’

पोरीपुढे रडायचं नव्हतं. रडले. या सगळ्यात तेवढंच एक धरून ठेवलंय मी. बाई थकली होती, झोपली, आणि झोपेत घडलं. दुखलं नाही, घाबरली नाही. कुणाची वाट पाहिली नाही. हे जर नसतं तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

मंगळवार, ३१ डिसेंबर

उजवा अंगठा हलला! खरंच हलला, मी दोनदा पाहिलं. युसराने ओरडून बापाला फोन केला, यूसुफभाई बकाला उघडा टाकून धावत आले. सगळे हसतायत, रडतायत, मला दुवा देतायत. तोंडात खजूर कोंबला माझ्या. मी खजूर चघळत उभी होते आणि मनात आलं — आता तर अजिबातच सांगता येणार नाही. काय बाई आहे मी! तिचा अंगठा हलला आणि मी माझं बघतेय.

बुधवार, ८ जानेवारी २०२५

भाभींना शब्द यायला लागलेत. ‘पानी.’ ‘युसरा.’ ‘बस.’ जोडून दोन-तीन येतात कधी कधी. फिजिओवाला म्हणतो, समज पहिल्यापासून पक्की होती, नुसतं बोलणं अडलं होतं.

आमचा अकामा रिन्यू झाला. गुरूने पेढे आणले. खोका तसाच फ्रिजमध्ये.

क्लासला आता दोघीच येतात. त्यांनाही बहुतेक माझी दया येते म्हणून. आज सांगून टाकलं, पुढच्या महिन्यापासून बंद. कोणी का म्हणून विचारलं नाही. मॅट्स धुऊन बाल्कनीत वाळत घातल्यात. सकाळी उठून काय करायचं ते माहीत नाही, आणि काही करावंसं वाटतही नाही. तासन् तास सोफ्यावर बसून राहते. सोफा आता जागेवर आहे.

रविवार, १२ जानेवारी

ठरलं. परवा सांगणार. आधी भाभींना, कारण हक्क त्यांचा आहे. मग त्यांच्यासमोरच यूसुफभाईंना. गुरूला सांगितलं.  तो म्हणाला, ‘मी येऊ बरोबर?’ नको म्हटलं. पण विचारलं त्याने.

काय होईल? हाकलतील, शिव्या देतील, तक्रार करतील. करू देत. तेजूलाही सांगितलं. ती फक्त ‘ओके’ म्हणाली आणि पुस्तक घेऊन माझ्या खोलीत येऊन बसली.

वाक्य पाठ करतेय. ‘भाभी, तुम्ही झोपला आहात असं मला वाटलं.’ यापुढे जातच नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

युसरा कॉलेजला, यूसुफभाई दुकानात. दोघीच. मी त्यांचा उजवा हात मांडीवर घेतला, म्हटलं, भाभी, त्या दिवशी तुम्ही झोपला आहात असं मला वाटलं.

‘नाय,’ म्हणाल्या. मग एकेक शब्द, मध्ये बराच वेळ थांबत — ‘मी... जागी होती. तुला... बोलवत होती. आवाज... नाय आला.’

मला वर बघवेना. त्यांनी डाव्या हाताने माझी हनुवटी वर केली.

‘यांना... सांगू नको गो. नाय... झेपायचं.’