शून्य हेक्टर साठ आर

१२ ऑगस्ट

पुण्याहून तिसरा नकार. हे प्रकाशक निदान फोनवर बोलले. "चंद्रपूरकडचे ना तुम्ही? मग कादंबरीत वाघ कसा नाही?" मी म्हटलं, धानाची शेती आहे. वाघ बांधापर्यंत येतो आणि परत जातो. "मग त्याला आत घ्या की!"

घेणार नाही. स्वतःच छापणार.

१३ ऑगस्ट

उर्वशीला सांगितलं. "छापा. पण गठ्ठे धानाच्या खोलीत विटांवर ठेवजा. खाली उधई लागते."

नवऱ्याच्या पहिल्या कादंबरीवर बायकोचा अभिप्राय — वाळवी.

२ सप्टेंबर

जलालुद्दीनभाईंच्या छापखान्यात. लग्नपत्रिका आणि झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं, हा त्यांचा धंदा. माझं शीर्षक वाचून त्यांनी चष्मा काढला.

"सर, हे कादंबरीचं नाव आहे का सातबारा?"

"कादंबरीचं."

"मंग खाली 'अर्थात' टाका ना. 'शून्य हेक्टर साठ आर, अर्थात बहिणीची माया'. अर्थात टाकल्याबिगर पब्लिक नाई येत."

"मला पब्लिक नको आहे."

"मंग तीनशे काऊन छापून राह्यले?"

उत्तर सुचलं नाही. मराठीत एम. ए. असून! घरी येईपर्यंत सुचलं — मला एकच वाचक हवा आहे. ओळ न ओळ वाचणारा.

९ सप्टेंबर

प्रूफं आली. तिसऱ्या पानावर भाईंनी आपल्या मनाने एक ओळ घातली आहे — 'सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक.'

"सगळेच टाकतेत सर. पत्रिकेत नाई का, 'नजरचुकीने राहिल्यास क्षमा असावी'? तसंच."

काढायला लावली. तिथे लिहून दिलं — 'यातले काहीही काल्पनिक नाही.'

"पाहा बुवा," भाई म्हणाले.

खरंच नाही. बाबा गेले त्या वर्षी मी वच्छलाबाईला रजिस्ट्रीच्या कचेरीत नेलं. मोठी बहीण, माझ्याहून सात वर्षांनी. आईच्या पेन्शनचे कागद आहेत, असं सांगितलं. तिने न वाचता सही केली. ते हक्कसोडपत्र होतं. तळ्याखालची, तिच्या वाट्याची धानाची बांधी माझ्या नावावर आली. शून्य हेक्टर साठ आर. आज अठरा वर्षं झाली. तिला माहीत नाही. तिने हिस्सा कधी विचारला नाही — इकडे बहिणी विचारत नाहीत, विचारलं तर माहेर तुटतं.

पान ८७ वर सगळं आहे. सही झाल्यावर तिला खाऊ घातलेले दोन आलुबोंडेसुद्धा.

लिहून मोकळा झालो. साहित्याचा हाच तर उपयोग! आणि आमच्या घरात वाचतं कोण?

१७ नोव्हेंबर

प्रकाशन झालं. हस्ते गुणवंतराव, आमच्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष. पुस्तकाचा रंगीत कागद फाडला, पुस्तक उलटं धरून फोटो काढला आणि चाळीस मिनिटं बोलले. "जमीन मोजणीसारखा किचकट विषय सरांनी किती सोप्या भाषेत मांडला!" टाळ्या. त्या भरवशावर दोघांनी प्रती विकतही घेतल्या. एकाने जाताना विचारलं, "पांदणरस्त्याचा नियम कोणत्या पानावर आहे?"

वच्छलाबाई पहिल्या रांगेत होती. नवी साडी. सगळ्यात जोरात टाळ्या तिच्या. तिला प्रत दिली, सही करून — 'जिने मला बाराखडी शिकवली, त्या वच्छलाबाईस.' हेही खरं. तिने ती पिशवीत ठेवली. माझ्या सत्काराचा नारळही त्याच पिशवीत गेला. तिची सातवी झाली आहे. पुस्तक देव्हाऱ्याजवळ ठेवील, हळदीकुंकू लावील.

३० नोव्हेंबर

दोनशे ऐंशी शिल्लक.

आदेशचा फोन. माझ्यासोबत शिकवतो, इतिहास. "वाचून राह्यलो सर. जबरदस्त!" कितव्या पानावर आहात? "सुरुवातच जबरदस्त आहे."

त्याची प्रत अजून माझ्या टेबलावर आहे.

८ डिसेंबर

विटांवर ठेवूनही उधई लागली. तळाच्या नऊ प्रती. मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत, सलग. गुणवंतरावांपेक्षा सखोल वाचन.

२१ डिसेंबर

वच्छलाबाई आली. एकटीच. चहा नको म्हणाली. पिशवीतून पुस्तक काढलं. एकच पान दुमडलेलं.

"नाव पाहूनच उघडली. साठ आर म्हणजे आपली तळ्याखालची बांधी. मले वाटलं, भावानं माह्या बांधीवर पुस्तक लिवलं!"

मी बसायला खुर्ची पुढे केली.

"हे खरं आहे का?"

"कादंबरी आहे, बाई. कादंबरीत सगळं काल्पनिक असतं."

तिने पानं मागे उलटली. तिसऱ्या पानावर बोट ठेवलं — लहानपणी पाटीवर ठेवायची, तसंच. "वाच." मी मनातल्या मनात वाचलं. "मोठ्यानं वाच."

वाचलं. यातले काहीही काल्पनिक नाही.

"मंग खोटं काऊन लिवलास?" बाई म्हणाली. "मी दोन आलुबोंडे नाई खाल्ले. एकच खाल्ला. दुसरा तुयासाठी बांधून ठेवला. तू यष्टीत खाल्लास."

बरोबर आहे. कागदात बांधलेला होता. गार झाला होता. बारा वेळा पुनर्लेखन केलं मी त्या पानाचं.

बांधीचं तिने काही विचारलं नाही. पुस्तक पिशवीत टाकून गेली.

२३ डिसेंबर

जलालुद्दीनभाईंकडे. पट्ट्या छापून आणल्या — 'सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक.' "तेव्हाच म्हटलं होतं" असं म्हणतील वाटलं. म्हणाले नाहीत. माझ्याकडे पाहिलंही नाही.

घरी बसून दोनशे एकाहत्तर प्रतींच्या तिसऱ्या पानावर चिकटवल्या. खळ कमी पडली तेव्हा उर्वशीने शिळा भात दिला.

२ जानेवारी

वाटलेल्या बाकीच्या प्रती कोणी उघडणार नाही. बाईकडची तेवढी राहिली. उर्वशीला मागायला पाठवलं. रिकाम्या हाताने आली.

"देत नाई म्हणते. पुन्हा वाचून राह्यली, पहिल्या पानापासून. आता पेन्सिल घेऊन बसली."