समुद्रावरून केलेला फोन

शनिवार, डिसेंबर. बेटावर, दिवेलागणीला.

आज समुद्रात कमरेपर्यंत गेले. लाटेनं पाडलं तेव्हा वंदीनं दंड धरून उभं केलं. आम्ही चौघी शाळेतल्या मैत्रिणी, शाळेतल्यासारख्याच हसत सुटलो. बाभुळगाव सोडताना वाटलं नव्हतं, इतकं हसू अजून शिल्लक आहे.

धक्क्याजवळ रेंज मिळाली म्हणून ओल्या लुगड्यानंच यांना फोन केला.

"लोक इचारून राह्यले, बोंडअळीनं वावर खाल्लं अन् तुमची बायको समुद्रावर कायले गेली?"

कायले गेले? वर्षभर त्या पराटीत, कपाशीच्या वावरात, राबले म्हणून. एवढं उत्तर पुरे नाही का? की लोकांना दुसरं काही हवंय?

मग महिनाभर तोंडातून न निघालेलं बोलून टाकलं. "पराटी उपटू अन् हरभरा पेरू."

"कापसाचा अजून एक वेचा निघंल वं."

"किडकी बोंडं वेचून काय करता? तीच अळी पुढच्या साली पुन्हा येईन. मी घरी आली का उपटाले लागतो. तुम्ही नाही आले तर एकटी उपटतो."

वंदी खुणेनं विचारत होती, काय झालं? लुगड्यातलं पाणी पायावर ठिबकत होतं.

"बियाणं आणून ठेवतो," ते म्हणाले. मग, "समुद्र लय मोठा हाये काय वं?"

हो म्हटलं, पण तेवढ्यानं सांगून झालं नाही. यांना एकदा इथं आणायचंच, नको म्हणाले तरी. आधी ती पराटी निघू दे.