पहिल्या पगाराचा तपास

२३ जून, सोमवार
लातूरच्या डाळमिलच्या ऑफिसात जॉइन झालो. आठ महिन्यांनी शर्ट इन केला. अकाउंटंट संगप्पांनी कॅन्सल्ड चेक मागितला. पगार देणाऱ्याला माझा चेक कशाला? सावध झालो. माझं खातं दाखवलंच नाही. बायकोसोबतचं, दामिनीच्या मोबाईलला जोडलेलं जॉइंट खातं दिलं. त्यात दोनशे एकतीस रुपये. उचला म्हणावं.

उदगीरला सासऱ्यांना फोन. श्रावणातलं जंगमांचं, आमच्या लिंगायत पुरोहितांचं, जेवण यंदा माझ्या पगारातून. तुम्ही खिशात हात घालायचा नाही. घर आठ महिने तेच चालवतायत. हाव म्हणाले, पण बारीक आवाजात.

७ जुलै
सगळ्यांचा पगार झाला. माझा नाही. संगप्पा म्हणाले, वीस तारखेला हजेरी बंद व्हते, मागून लागलेल्याचे दिवस पुढच्या पगारात धरून राहिलो, सात ऑगस्टला एकदमच मिळतंय. फार सहज म्हणाले. पाठ केल्यासारखं.

१५ जुलै
संगप्पांच्या गाडीला नवं सीट कव्हर. नोंद केली.

७ ऑगस्ट
दुपारपासून सगळ्यांचे मोबाईल वाजतायत. माझा गप्प. संगप्पांना विचारलं नाही, माणूस सावध होतो. घरीही अवाक्षर काढायचं नाही. दामिनी उगाच खुशीत. धपाटे, वर दही. तिच्या भावाने पैसे पाठवले असणार. फार लाज वाटली. सहा खाल्ले.

८ ऑगस्ट
मालकांना लेखी तक्रार. दोन पानं. सीट कव्हरचा मुद्दा तिसरा.

११ ऑगस्ट, श्रावणी सोमवार
हाफ डे. घरी जंगम, सासरे, पातेलंभर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. सामान कुणाच्या पैशाचं, म्हणून दामिनीला स्वयंपाकघरात गाठलं. ती म्हणाली, तुमच्याच पगाराचं हाय की. सात तारखेलाच मेसेज आला मला, जूनचे आठ दिवस धरून. तुमाला ठाव असंल वाटलं. धपाटे उगंच केले व्हय?

बाहेर सासरे जंगमांना सांगत होते, आज समदं जावयाच्या कमाईचं हाय. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदा कुणापुढे माझं नाव काढलं. डोळे भरून आले. खातं मी सुरक्षित निवडलं होतं, एवढं तरी मान्य करावं लागेल.

तेवढ्यात मालकांचा फोन. उद्या दहाला संगप्पांना समोर बसवतो, पगार आला नाही याचा पुरावा म्हणून पासबुक घेऊन या.

पासबुक दामिनीकडे. मागितलं. कशाला पाहिजे, विचारतेय. सासरेही ऐकतायत.