दोर फेकणारी बंदूक

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच वाकलो असं समज. तुझा गुडघा काय म्हणतो? इथे सगळे खाऊनपिऊन ठीक. फक्त बाबा गप्प आहेत. (आई म्हणते, असं सुख तिला लग्नापासून लाभलं नव्हतं. पण जेवताना चोरून त्यांच्याकडेच बघत असते.)

कारण, बैठकीतल्या भिंतीवरची रायफल. आजोबांनी ती लढाईवरून आणली आणि तिने शत्रू कसे टिपले, हे बाबांकडून इतक्यांदा ऐकलंय की ते मेलेले शत्रू आता घरचेच वाटतात. बाबांनी ती संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. खाली आजोबांच्या शौर्याची पाटी हवी, एवढीच अट. आधी शेजारच्या निवृत्त सुभेदारांना दाखवली. त्यांनी नळीत बॅटरी मारली आणि म्हणाले, "आत खाचाच नाहीत. गोळी सरळ जाणार कशी? नाटकातली आहे ही." बाबा म्हणाले, "सुभेदार, नाटकातला तुमचा चष्मा आहे." मग दोघांनी चहा गार होईपर्यंत एकमेकांची अक्कल काढली.

तेवढ्यात संग्रहालयाच्या बाई आल्या. त्यांनी आधी बंदुकीचा वास घेतला. (बाबा तिला दरवर्षी सुवासिक केशतेल चोळतात. स्वतःला उरलंसुरलं.) मग नळी उलटी केली, तर सुभेदारांच्या बॅटरीलाही न दिसलेल्या, आईच्या हरवलेल्या विणायच्या सुया आतून पडल्या, ज्यांच्यापायी आईने मावशीशी अबोला धरला होता! बाई शांतपणे म्हणाल्या, बंदूक अस्सल आहे, नौदलाची आहे आणि दुर्मीळ आहे. खाचा मुद्दाम घासून काढल्यात. हिच्यातून गोळी नाही, दोर बांधलेली सळई उडवायची, वादळात सापडलेल्या जहाजाकडे. त्या दोरावरून माणसं सोडवून आणायची.

"मग मारलं कुणाला?" बाबांनी विचारलं.

"हिने? बहुधा कुणालाच नाही."

तेव्हापासून बाबा दुपारभर भिंतीकडे बघत पडून असतात. आणि खरं सांगू का, आत्या, मलाही हल्ली तिथे डुलकी लागली की बैठकीत पाणी चढतं. सोफा संथ डुलू लागतो. बंदुकीतून एक बारीक दोर निघतो, खिडकीबाहेर, समोरच्या गच्चीतल्या ओल्या चादरींच्याही पलीकडे जातो, आणि तिकडे कुणीतरी तो धरतं. मला हाताला ओढ जाणवते. जाग येते तेव्हा शेजारी बाबा मूठ घट्ट मिटून झोपलेले. पण उठले की तेच: "दोर फेकणाऱ्याची कसली आलीय पाटी?" बाई मजकुरासाठी खोळंबल्या आहेत.

काकांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा भाचा

ता. क. : तू बाबांची थोरली बहीण, तुझा शब्द ते खाली पडू देत नाहीत. आजोबांनी बुडत्या माणसांना ओढून काढल्याचं तुला लहानपणी सांगितलं होतं, असं चार ओळींत त्यांना लिही ना.

आणखी एक : आजोबांनी ती भंगारातून उचलली असेल, तर तुला ठाऊक असणारच. ते मला मुळीच कळवू नकोस. वाचलेल्यांत लेकरंही होती का, असं आईने काल विचारलं, आणि मी हो म्हणून बसलोय.