मोरीतल्या दगडावरची नदी

बाबा, नदी नव्हती, तळं होतं. आधी हे सांगून टाकते, सकाळपासून ते माझ्या पोटात मावत नाहीये. मेहकरच्या अलीकडे रस्ता रुंद करायला टेकडी कापलीय. खाली काळा दगड, वर काळा दगड आणि मधे हातभर जाडीचा पांढुरका थर. एक लाव्हा थंड झाल्यावर आणि दुसरा येण्याआधी तिथे पाणी साचलं, त्याचा हा गाळ. आपल्या मोरीतला धुण्याचा दगड याच थरातला, इथून जवळच्याच आजोळची विहीर खणताना निघालेला. तुम्ही तो माझ्या जन्माआधीच एसटीच्या टपावर टाकून घरी आणलात. त्यावरच्या लाटांसारख्या बारीक वळ्या दाखवून तुम्ही एकदा मला विचारलंत, ह्या वळ्या पाण्यानं कशा केल्या सांग. मी शाळकरी पोर, म्हणाले, तळ्यातल्या लाटांनी. तुम्ही माझं बोट धरून एका वळीवरून फिरवलंत. "इकडून उतार लांब, तिकडून एकदम खडा. मंग पाणी एकाच दिशेनं वाह्यलं का नाही? म्हंजे नदी. पह्यले डोयानं पाह्य, मंग तोंड उघड." मी रडले होते. पुढे तुमच्या भूगोलाच्या तासाला धाड गावच्या शाळेतल्या प्रत्येक वर्गाने ती नदी ऐकली. अजूनही ऐकतात, कारण तिथे आता तुमचेच विद्यार्थी शिकवतात. उद्या त्यांनी मला, भूगर्भशास्त्र शिकलेली तुमची मुलगी म्हणून, मुलांसमोर बोलायला बोलावलंय, तुमच्या नदीवर.

म्हणून आज मी त्या थरात नदीच शोधायला गेले. गुडघे टेकून बसलेय, ब्रशने माती झाडतेय आणि प्रत्येक वळी दोन्ही बाजूंनी सारखी निघतेय. म्हणजे पाणी वाहत नव्हतं, जागच्या जागी पुढे-मागे हलत होतं. वरच्या पापुद्र्यात सुकलेल्या चिखलाच्या भेगा, त्यांच्यात गोगलगायींचे मोहरीएवढे शंख. उथळ तळं, बाबा, काठ उन्हात वाळत चाललेला. मी एकटीच मोठ्याने हसले, जेसीबीवाला बघत राहिला. मग डोक्यात आलं, आपल्या दगडावर तो उतार आला कुठून?

तशीच घरी आले आणि मोरीत बसले. दगडाची भिंतीला टेकलेली, कपडा न पोहोचणारी कड टॉर्च लावून पाहिली. तिथे वळ्या सारख्याच आहेत. उतार फक्त मधे, जिथे कपडा घासला जातो. आईला विचारलं, तू कोणत्या बाजूने बसायचीस? "याच बाजूनं. तिकडं भित हाय, तिकून काय भुतानं बसावं?" मी तिला समजावून सांगितलं, एकाच बाजूने कपडे घासून वळ्यांची ती बाजू झिजलीय, पाण्याने नाही. तिने दगडावरून हात फिरवला. "म्हंजे तुह्या बापानं साऱ्या शाळेले माह्या धुण्याची नदी शिकवली." आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तुम्ही गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

उद्या शाळेत तळंच सांगणार. तुम्ही कुठे चुकलात तेही सांगणार. लपवलं असतं तर तुम्हीच मला वर्गाबाहेर उभं केलं असतं. एकच गोष्ट तिथे बोलणार नाही, ती या कागदावरच राहील. पहिल्या चार-सहा वळ्यांतच मला तळं कळलं होतं. तरी दुपारपर्यंत मी वळ्या तपासत बसले, एखादी तरी तुमच्या बाजूला झुकलेली निघावी म्हणून.