पेकनखालची जागा

पाइन फेरी, अलाबामा
रविवार, चर्चहून आल्यावर

वेंडेलदादांना, तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा मनापासून नमस्कार.

गुडघा कसा आहे? वहिनींना सांगा, लोणच्याची बरणी पोचली, आणि संपलीही. मी खुशाल आहे. (टोस्ट आणि कुत्रा यांच्या आधारावर एकटा माणूस जितका खुशाल असू शकतो तितका.) तुमच्या मिसिसिपीतल्या निळ्या संघाने परवाची मॅच मारली असं कळलं. अभिनंदनाचा शब्द लिहायला हात उचलत नाही, तेव्हा तो मिळाला असं समजून घ्या.

पत्रास कारण की, आमच्या गावात नवं स्टेडियम व्हायचं घाटतंय. नदीकाठी, अर्ध्या छपराचं, घराएवढ्या पडद्यांचं. म्हणजे आमचं कॉलेज माझ्या घरासमोरचं जुनं मैदान सोडून तिकडे खेळायला जाणार, आणि दर शनिवारी माझ्या अंगणात लागणाऱ्या गाड्याही जाणार. तुम्हाला काय सांगायचं, पेकनच्या झाडाखालची पहिली जागा तीस वर्षं तुमचीच होती. तुमच्या बहिणीचे, लोरीनाचे, नियमही तुम्हाला पाठ आहेत : गाडी लावायचे पैसे नाहीत, एक पदार्थ आणायचा आणि मॅच संपल्यावर सगळ्यांबरोबर बसून खायचा. दुसरा नियम फक्त तुमच्यासाठी होता, निळी टोपी फाटकाच्या खिळ्याला अडकवूनच आत यायचं. ती गेल्यापासून दोन हंगाम तुम्ही आला नाहीत. (तक्रार नाही. गुडघा आहे.) बाकीची मंडळी येतात. हातवारे करून गाड्या आता मी लावतो, पण तिच्यासारखं जमत नाही. पाखरांचं पाण्याचं भांडं दोनदा फुटलं. तरी शनिवारी अंगणात माणसांचा आवाज असतो, आणि खरं सांगतो, त्या आवाजावर माझा उरलेला आठवडा निघतो.

तर मंगळवारी संध्याकाळी नगरभवनात जाहीर सुनावणी होती. ज्याला बोलायचं त्याला तीन मिनिटं. मी भाषण घोकून गेलो होतो : परंपरा, विद्यार्थ्यांचं चारित्र्य, पावसाच्या पाण्याचा निचरा. अंगणाचा उल्लेख मुद्दाम टाळला होता, आपमतलबी दिसलं असतं. शेजारच्या ओडेसाबाई प्रुइट (त्यांच्याही अंगणात गाड्या लागतात, पण आपल्यापेक्षा दोन कमी) मला म्हणाल्या, "हॉलिस, निचऱ्यावर बोलू नकोस. तुझं स्वतःचं तळघर अजून ओलं आहे."

पोचलो तर नगरभवनासमोर गाड्यांचा नुसता गोंधळ. सगळं गाव लोटलेलं, जागा कुठेच नाही, आणि एक बाई रस्त्याच्या मधोमध गाडी उभी करून रडकुंडीला आलेली. दादा, माझ्याच्यानं बघवेना. भाषणाच्या कागदाची गुंडाळी केली आणि बाईंना हिरवळीवर वळवलं. त्यांच्या मागून दुसरा आला, तिसरा आला. कोणी विचारलंसुद्धा नाही की तू कोण. मेयरबाईंची गाडी मीच आत घेतली, अटलांटाहून आलेल्या सल्लागाराची कारंज्याला खेटून बसवली. सगळ्या अशा गच्च लावल्या की लोरीनानं शाबासकी दिली असती. आणि शेवटी, अंगणातल्या सवयीनं, माझी पिकअप बाहेर पडायच्या वाटेच्या तोंडाशी आडवी लावली.

इथे चूक झाली. आपल्या अंगणातून मॅच संपल्यावर सगळे जेवून एकदमच निघतात, म्हणून तशा लावलेल्या चालतात. सुनावणीतून माणूस केव्हाही उठून जातो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

घाम पुसत आत गेलो तर सल्लागार चित्रं दाखवत होता. म्हणे स्टेडियम झालं की चांगली पोरं खेळायला येतील, टीव्ही येईल, कॉलेजचा फुटबॉल कुठल्या कुठे जाईल. (आमच्या पोरांच्या हातातून चेंडू निसटतो, तो छपराला बघून हातात थांबेल असं त्याला का वाटावं, हे विचारायचं राहून गेलं.) पण मग कोच रँडल उठला. हाच तो, लहानपणी मी चालवायचो त्या स्कूलबसमध्ये शेवटच्या सीटवर झोपायचा. म्हणाला, "जुन्या मैदानावर गरम पाणी नाही. नोव्हेंबरात माझी पोरं कुडकुडत आंघोळ करतात. हॉलिसकाका, तुमच्या अंगणातलं जेवण फार चांगलं असतं, पण तिथं आंघोळ होत नाही." सगळे हसले. मीही हसलो, कारण पोरगा खरं बोलत होता, आणि कोणी असं खरं बोलेल हे मी भाषण घोकताना धरलंच नव्हतं.

माझी पाळी कधीच येऊन गेली होती. मेयरबाई म्हणाल्या, "हॉलिस, तुमचं नाव दोनदा पुकारलं. कुठे होता?"

"तुमची गाडी लावत होतो," मी म्हणालो.

मतदान झालं. स्टेडियम मंजूर.

मग सगळे बाहेर आले आणि कळलं की माझी पिकअप हलल्याशिवाय कोणाचीच गाडी हलणार नाही. मी खिसे चाचपले. चावी काही लागेना. सल्लागाराचं विमान होतं. तो कारंज्याभोवती चकरा मारायला लागला. ओडेसाबाईंनी मात्र डिकी उघडली आणि केळ्याचं पुडिंग काढलं (कुठल्याही घोळक्यात रिकाम्या हातानं जायचं नाही, ही त्यांची सवय तुम्हाला माहीत आहे). कोणाकडे मक्याचा पाव निघाला, कोणाकडे उकडलेले शेंगदाणे. स्टेडियमच्या बाजूचे आणि विरोधातले एकाच डिकीवर टेकून खात होते. तेवढ्यात मी पिकअपच्या मागच्या फळीवर चढलो आणि माझी तीन मिनिटं वसूल केली. चारित्र्य विसरलो, निचरा विसरलो. एवढंच म्हणालो की आमचं कॉलेज जिंकतं म्हणून माझ्या अंगणात कोणी येत नाही, ते तर हरतंच. लोक एकमेकांसाठी येतात, आणि बायको गेल्यावर मला सांभाळलं ते त्या लोकांनी. पोरांना गरम पाणी जरूर द्या. पण नव्या जागी ही माणसं कुठे बसून जेवणार, तेही त्या चित्रात काढा. सल्लागार पुडिंग खाता खाता ऐकत होता. त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

तब्येतीला जपा. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
हॉलिस

ता. क. चावी खिशातच होती. पहिल्यांदा चाचपलं तेव्हाच हाताला लागली होती.

ता. क. मेयरबाईंचा फोन आला होता. नव्या स्टेडियमच्या पार्किंगवर देखरेखीला माणूस हवा आहे. ज्या स्टेडियमला मी एवढा विरोध केला त्याचंच काम मी घेतलं, आणि घ्यायला अर्धं मिनिटही लावलं नाही. हसायचं तेवढं हसून घ्या.

ता. क. हे शेवटचं, आणि पत्र खरं याच्यासाठीच. पुढच्या हंगामापर्यंत नवं उभं राहणार, म्हणून जुन्या मैदानावरची अखेरची मॅच याच नोव्हेंबरात तुमच्या निळ्यांशी आहे. पेकनखाली मी दोन हंगाम कोणाला गाडी लावू दिलेली नाही. तिथं लोरीनाची घडीची खुर्ची ठेवतो. कोणी विचारलं तर सांगतो, तिचा भाऊ निघालाय, वाटेत आहे. दादा, आता सांगायला एकच शनिवार उरला आहे. बटाट्याचं सॅलड तुमच्या आईच्या पद्धतीचं आणा. ते मला जमत नाही. आणि फाटकाशी थांबू नका, टोपी घालूनच आत या.