आक्काचा पाय

बेळगाव, मंगळवार, ७ फेब्रुवारी १९३९

कॅम्पातल्या त्या डॉक्टरचं थोबाड डोळ्यांसमोरून जात नाही. बाळंतपणानंतर आक्काचा डावा पाय सुजून खांबासारखा झालेला. मग एकाएकी छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं. या शहाण्यानं नव्या यंत्रावर छातीचा फोटो काढला, उजेडात धरला आणि म्हणाला, "क्षय."

मी म्हटलं, "पाय तरी बघा."

"दुखतंय छातीत, पायाचं काय घेऊन बसलात?"

एवढा सुजलेला पाय, आणि याला तो बघावासा वाटू नये? दाजींना मात्र क्षयाचं नावच पुरलं. बायकोला इथंच टाकून तान्ह्या पोरीला सदलग्याला घेऊन गेले.

परवा शहापूरच्या डॉक्टरीणबाईंना आणलं. त्यांनी थुंकी तपासून घेतली, क्षयाचे जंतू नाहीत. पांघरूण सारून पाय दाबून पाहिला. म्हणाल्या, "पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेलीय. हिला अजिबात हलवू नका." म्हणजे धोका आहेच, पण क्षय नाही.

निरोप मिळाला तसे आज दाजी पोरीसकट हजर. "मला वाटलंच होतं!"

वाटलं होतं म्हणे! मी तोंड उघडणार, तोच आक्का पडल्या पडल्या म्हणाली, "पोरीला माझ्या कुशीत दे रं. आणि त्यांना म्हणावं, बाहेर बसा."